कोळशाच्या गॅसचा पुरा हिशेब

नाशिकमध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीच्या वाहिन्या पसरू लागल्यापासून गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये एक चर्चा नेहमीची झाली आहे: नळाचा गॅस घ्यावा की सिलिंडरच बरा? दर, अनामत रक्कम, स्वयंपाकघरातली फोडाफोड यावर ती बहुतेक वेळा संपते. नळातला हा वायू नैसर्गिक असतो; पण वायू कारखान्यात कोळशापासून बनवला, तर तिथे काय मागे राहते, याचा विचार त्यात क्वचितच येतो. आता तो करायला हवा. केंद्र सरकारने 2030 पर्यंत वर्षाला 10 कोटी टन कोळशापासून वायू बनवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यासाठी जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आहे, आणि त्यातल्या नियोजित प्रकल्पांमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचेही नाव आहे.

महाराष्ट्राला कोळशाचा गॅस नवा नाही. माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी 1834 मध्येच गॅसचे दिवे लावले होते. जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातला हा तरुण अभियंता पुढे 1841 मध्ये रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय सदस्य झाला. 1862 मध्ये बॉम्बे गॅस कंपनी स्थापन झाली आणि ऑक्टोबर 1865 मध्ये भेंडीबाजार, चर्चगेट स्ट्रीट, एस्प्लनेड या भागांत गॅसच्या बत्त्या पेटल्या. तोवर रस्त्यांवर तेलाचे दिवे होते. संध्याकाळी बत्तीवाला शिडी घेऊन निघे आणि एकेक खांब उजळत जाई. पुढे विजेने ते काम हिरावून घेतले, तरी चुली आणि प्रयोगशाळा यांना गॅस मिळतच राहिला. कंपनीचा कारखाना परळ-लालबागच्या पट्ट्यात होता. लालबागची गॅस कंपनी लेन आजही त्याच नावाने ओळखली जाते.

त्या कारखान्याचे तंत्र लंडनमध्ये असो, कोलकात्यात असो वा एखाद्या इंग्रजी खेड्यात, सगळीकडे जवळपास सारखेच होते. आगविटांच्या मातीच्या लांबट बंद पात्रांत, म्हणजे रिटॉर्टमध्ये, फावड्याने कोळसा भरायचा, झाकण मातीने लिंपायचे आणि खालून भट्टी पेटवायची. हवा न लागता हजार अंशांच्या आसपास तापलेला कोळसा जळत नाही. त्यातून वायू सुटतो आणि मागे कोक उरतो. हा वायू गरम, पिवळट आणि घाण असतो. तो आधी पाण्यातून जातो आणि मग थंड नळ्यांतून. तिथे डांबर खाली बसते आणि अमोनियाचे उग्र पाणी वेगळे होते. त्यानंतर शुद्धीकरणाच्या पेट्या येतात. सुरुवातीला त्यांत चुना पसरत, पुढे लोहाचा ऑक्साइड. सडक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तिथे धरला जाई. शेवटी गॅसहोल्डर: पाण्यात उलटी ठेवलेली लोखंडाची प्रचंड टाकी. गॅस भरला की ती वर चढे, शहरात दिवे लागले की खाली उतरे, आणि तिच्या वजनानेच वाहिन्यांत दाब राही. एक टन कोळशातून अंदाजे 280 घनमीटर गॅस, साडेसहाशे-सातशे किलो कोक आणि चाळीस-पन्नास लिटर डांबर निघे. गॅसमध्ये जवळपास निम्मा हायड्रोजन, त्याच्या खालोखाल मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड असे. हा शेवटचा घटक बंद खोलीत माणूस मारतो.

या कारखान्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते कमी लेखणे अप्रामाणिक ठरेल. रात्रीचा रस्ता सुरक्षित झाला, छापखाने आणि गिरण्यांना उजेड मिळाला. त्याहून मोठे दान डांबराचे. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरापासून मिळणाऱ्या अ‍ॅनिलिनमधून जांभळा रंग काढला आणि त्यातून कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग उभा राहिला. त्याच डांबरातले कार्बोलिक अ‍ॅसिड ब्रिटिश शल्यविशारद लिस्टरने शस्त्रक्रियेच्या जखमा निर्जंतुक करायला वापरले. अमोनियाच्या पाण्यातून खत झाले. आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांपर्यंत ही परंपरा पोहोचते. टाकाऊ समजलेल्या पदार्थातून एवढे काही उभे करणारे कारखाने इतिहासात थोडेच.

पण दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. 1915 मध्ये यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना डांबर चोपडत राहून कर्करोग निर्माण करून दाखवला. 1965 मध्ये रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश गॅस कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रिटॉर्टजवळ काम करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. कोळशापासून वायू बनवण्याच्या या कामाला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले आहे. शिवाय जमीन. शुद्धीकरणाच्या पेट्यांतला वापरलेला चुना आणि ऑक्साइड सायनाइडची संयुगे घेऊन बाहेर पडे आणि बऱ्याचदा कारखान्याच्या आवारातच टाकला जाई. डांबराच्या विहिरी झिरपत. कारखाने बंद होऊन कित्येक दशके उलटली, तरी ब्रिटनमध्ये अशा जागा साफ करण्याचा खर्च आजही सुरू आहे.

आणि श्रमाचा हिशेबही असाच मागे राहिला होता. वाहिन्यांत साठणारे पाणी उपसण्यासाठी बॉम्बे गॅस कंपनीत सायफन पंपवाले असत. शहराच्या रस्त्यांखाली गॅस वाहता ठेवणारे हे लोक. कंपनीच्या कामगारांनी जुन्या निवाड्याप्रमाणे राहिलेल्या पैशांची मागणी केली तेव्हा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. औद्योगिक विवाद कायद्याच्या थकलेले पैसे मागण्याच्या कलमाखाली कामगाराच्या अर्जावर मुदतीचे बंधन घालता येणार नाही, असे न्यायालयाने 1963 मध्ये स्पष्ट केले. देशभरच्या कामगारांना हा निकाल पुढे कामी आला. लखलखणाऱ्या रस्त्यांचे कौतुक करताना त्या पंपवाल्यांना विसरू नये, एवढे आम्हांला मनापासून वाटते.

आजचे वायूकरण हुबेहूब जुने नाही, हे मान्य केले पाहिजे. यात कोळसा बंद पात्रात ऑक्सिजन आणि वाफेच्या साहाय्याने जवळजवळ पूर्ण वायूत बदलतात. मिळणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन थेट चुलीसाठी नसतो. त्यापासून खत, मिथेनॉल, अमोनियम नायट्रेट बनवतात, नाहीतर पोलादासाठी लोहखनिजातून लोखंड मिळवतात. समर्थकांचा युक्तिवाद मजबूत आहे. आपण स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आणि नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून आणतो. आखातात युद्ध पेटले की खताचा भाव आणि जहाजाचे भाडे दोन्ही वर जातात. देशात कोळसा भरपूर आहे. दुसऱ्याच्या दारात हात पसरण्यापेक्षा तो वापरावा, यात गैर काय? निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे पटवून द्यावे लागणार नाही, कारण खताच्या टंचाईचा फटका त्यालाच आधी बसतो.

तरी प्रश्न उरतात. आपल्या कोळशात राख फार, आणि ती मोठ्या प्रमाणावर कुठेतरी टाकावीच लागते. ज्या पद्धतीत कोळशाचे ढीग सावकाश खाली सरकतात, तिच्यात डांबर आणि फिनॉलचे पाणी आजही निघते. नैसर्गिक वायूच्या तुलनेत त्याच मालासाठी कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. तो एकवटलेल्या रूपात मिळत असल्याने पकडणे सोपे जाते, हे खरे, पण पकडून कुठे ठेवणार याचे ठोस उत्तर अजून नाही.

हा विचार गंगापूर रोडवरून का करायचा? कारण आपण नाशिककर दोन्ही बाजू एका शहरात पाहतो. पश्चिमेला गंगापूर धरण, सोमेश्वर, द्राक्षमळे. पूर्वेला एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, 210 मेगावॉटचे तीन संच आणि त्यांची राख. तिथे जळणारा कोळसा आपल्या पंख्यांसाठीही जळतो. वीज सगळ्यांच्या घरी सारखी येते, राख मात्र एकलहरे आणि आसपासच्या गावांच्या वाट्याला येते. लालबागच्या काळातही उजेड आणि धूर एकाच माणसाला मिळत नव्हते. भद्रावतीत तेच घडू द्यायचे का, हे ठरवताना आपले मत घरातल्या शेगडीच्या निळ्या ज्योतीवरून बनू नये.

आमचा कौल असा. घरगुती चुलीसाठी कोळशाच्या गॅसकडे पुन्हा वळण्याचे कारण नाही; नळाचा नैसर्गिक वायू आणि विजेची शेगडी ही त्याहून बरी वाट आहे. खत आणि रसायनांसाठी मात्र वायूकरणाला सरसकट विरोध करणे आम्हांला पटत नाही. आयात खतावरचे अवलंबन हे शेतकऱ्याच्या मानेवरचे खरे ओझे आहे. पण पाठिंबा देताना कारखान्याच्या आवारातला हिशेब आधी मांडला गेला पाहिजे. 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले, हे योग्यच झाले; मात्र ते नियम जमीन बिघडल्यावर कामी येतात. त्याआधीची पायरी राज्याने घ्यावी. कोळशाची पहिली गाडी येण्यापूर्वी प्रकल्पाच्या जागेतील आणि भोवतालच्या विहिरींतील पाणी व माती तपासून त्यांचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, दर सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा व्हावी, आणि 8,500 कोटींच्या योजनेतून मिळणाऱ्या प्रोत्साहनाचा पुढचा हप्ता त्या आकड्यांशी बांधलेला असावा. कंत्राटी कामगारांची आरोग्य तपासणी कंपनीच्या दवाखान्याबाहेर, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात व्हावी आणि नोकरी सुटल्यावरही ती चालू राहावी, कारण डांबराचा कर्करोग वीस-तीस वर्षांनी दिसतो आणि तोवर कंत्राटदार बदललेला असतो. भद्रावतीबाबत पुढे होणाऱ्या कुठल्याही सुनावणीत नाशिकच्या ग्राहक पंचायतींनी आणि शेतकरी संघटनांनी ही मागणी लेखी द्यावी.