दोष शिशाचा नाही, मापाचा आहे

पूर्वपक्ष असा आहे: पिस्तुलाच्या नळीत शिसे चिकटते, कारण शिसे मऊ असते. गोळी वेगाने नळीतून जाताना खरवडली जाते, तिचे कण खाचांमध्ये बसतात आणि नेम विस्कटतो. म्हणून शिशात अँटिमनी वाढवा, गोळी कडक करा, लेडिंग म्हणजे हे शिसे साचणे थांबेल. शिर्डी-राहाता भागातून पुण्याच्या रेंजवर सरावाला जाणाऱ्या मुलांपासून अमेरिकेत हौसेने स्वतः गोळ्या ओतणाऱ्या मराठी मंडळींपर्यंत हेच मत ऐकू येते. ऐकताच पटावे असे ते आहे. पण बहुतेक वेळा ते चुकीचे असते, आणि त्या चुकीपायी चांगल्या नळ्या घासून घासून खराब केल्या जातात. म्हणून त्याचे खंडन करणे भाग आहे.

मऊपणा हेच कारण असते, तर सर्वांत आधी पॉइंट टूटूची पिस्तुले निकामी व्हायला हवी होती. या काडतुसातली सुमारे 2.6 ग्रॅमची गोळी जवळजवळ शुद्ध शिशाची असते. स्पर्धेच्या काडतुसात तिच्यावर तांब्याचे कवच नसते, मेणासारख्या वंगणाचा पातळ थर तेवढा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तो प्रकार याच काडतुसाचा. या प्रकारात पात्रता फेरीलाच 60 गोळ्या झाडाव्या लागतात, सरावाच्या तर मोजणेच नको. एवढे मऊ शिसे एवढ्या वेळा जाऊनही चांगली नळी शिशाने भरत नाही. कारण गोळी नळीत घट्ट बसते, वंगण पुरते आणि वेग बेताचा असतो.

दुसरा पुरावा इतिहासातला आहे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे 1857च्या काडतुसांची हकीकत मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचली. चरबी कोणाची, या प्रश्नावर राज्य हादरले. पण काडतुसाला चरबी लावावीच का लागत होती, हे फारसे कोणी विचारत नाही. एनफिल्ड रायफलची गोळी शुद्ध शिशाची आणि नळीच्या मापापेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली होती, म्हणजे ती तोंडाकडून सहज आत ढकलता येई. दारू पेटली की बुडाशी पोकळ असलेली ती गोळी दाबाने फुगे, खाचांत शिरे आणि वायूची वाट अडवी. तिच्याभोवतीचा वंगण लावलेला कागद नळी साफ ठेवायला मदत करी. मऊपणा हा त्या गोळीचा दोष नव्हता, ती चालायची त्याच गुणावर. तीच गोळी कडक केली असती तर फुगली नसती आणि वायू बाजूने निसटला असता.

लेडिंगचे मुख्य कारण नेमके हेच आहे. गोळी खाचांच्या तळाच्या मापाहून लहान असेल, तर तापलेला वायू तिच्या कडेने पुढे सुटतो, शिसे कापतो, वितळवतो आणि पुढच्या गार पोलादावर त्याचा थर बसवतो. शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते. दारूचा वायू त्याच्या कितीतरी पट तापलेला असतो. अशा वेळी गोळी अधिक कडक केली, तर फट बुजण्याची शेवटची शक्यताही जाते. थर्टी-एट स्पेशलसारख्या कमी दाबाच्या काडतुसात हे हटकून घडते. छापखान्याच्या जुन्या खिळ्यांचे शिसे मिळवून गोळ्या ओतणाऱ्यांना मी म्हणूनच सावध करतो. 1869 साली खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच साली मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. शिसे दोघांनाही लागे, पण खिळ्याला हजारो दाब सोसून कोर टिकवायची असते, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील भरपूर. गोळीला नळीशी जुळवून घ्यायचे असते. एकाचा गुण दुसऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आता मंडन. शिसे कुठे साचले आहे, ते आधी पाहा. चेंबरच्या लगेच पुढे साचले असेल, तर संशय मापावर घ्या. नळीच्या तोंडाकडे साचले असेल, तर वंगण वाटेतच संपते आहे. एकाच पट्ट्यात साचत असेल, तर तिथे नळी खडबडीत किंवा आवळलेली आहे. मग माप घ्या. रिकाम्या, तपासलेल्या पिस्तुलाच्या नळीतून शुद्ध शिशाचा तुकडा हळूच ठोकत पार करा आणि त्याचा सर्वांत रुंद भाग मायक्रोमीटरने मोजा. गोळी त्याहून इंचाच्या हजाराव्या भागाइतकी तरी मोठी हवी. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची भोकेही मोजा. ती नळीपेक्षा लहान असली, तर कितीही मोठी गोळी नळीत शिरण्याआधीच बारीक होते.

सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट मात्र पुंगळीत घडते. नऊ मिलिमीटरची पुंगळी आतून निमुळती असते. योग्य मापाची गोळी तिच्यात दाबून बसवली की मऊ शिसे आवळले जाते. साच्यातून निघालेल्या गोळीचे माप बरोबर, झाडल्या जाणाऱ्या गोळीचे चूक! म्हणून बसवलेली गोळी पुन्हा ओढून काढून मोजल्याशिवाय मिश्रधातूला हात लावू नये.

पूर्वपक्षात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणत नाही. वेग फार वाढवला तर अगदी मऊ गोळी खाचांची पकड सोडून घसरते. तिथे थोडा कडकपणा हवाच. पण तो उपाय माप आणि वंगण पाहून झाल्यावरचा.

दोन घरगुती उपायांना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. शेवटी कवचाच्या चार गोळ्या झाडल्या की शिसे निघून जाते, हा पहिला. नळी आधीच शिशाने अरुंद झालेली असताना कडक गोळी घुसवल्याने दाब धोकादायक वाढू शकतो. दुसरा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगरच्या मिश्रणाचा. त्याने शिसे विरघळते खरे, पण तयार होते विषारी लेड अॅसिटेट, आणि पोलादही खाल्ले जाते. कांस्याच्या ब्रशला शुद्ध तांब्याचे तंतू गुंडाळून तेलासह घासा. वेळ लागतो, पण नळी वाचते.

भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे 1959च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, म्हणून गोळ्या ओतण्याचा भाग आपल्याकडच्या बहुतेकांसाठी केवळ समजून घेण्यापुरता. नळी तपासणे मात्र प्रत्येक नेमबाजाच्या हातात आहे. प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: मुलाचा नेम अचानक पसरू लागला तर त्याला मनगटावरून बोलण्याआधी नळीत उजेड टाकून पाहा, काडतुसाची वेगळी जात लावून पाहा, आणि सफाईनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला डब्याला हात लावू देऊ नका.