प्रभारीची खुर्ची

बीड तालुक्यातील लिंबागणेशच्या ग्रामस्थाला ‘प्रभारी’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. जबाबदारी सगळी आणि अधिकार तात्पुरता, अशी ती खुर्ची. काम चालू असताना माणूस मध्येच हलविला जातो, हाही जिल्ह्याचा अनुभव आहे. 2013 साली, ऐन दुष्काळात, जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांच्या बदलीविरुद्ध बीडमध्ये बंद पाळला गेला होता. फुटबॉलशी या भागाचा संबंध बेताचाच. तथापि फुटबॉल प्रशिक्षकांच्या उत्तराधिकाराची कहाणी येथे परकी वाटू नये.

नोव्हेंबर 2019 मध्ये निको कोवाच पायउतार झाल्यावर जर्मनीतील बायर्न म्युनिक क्लबने त्यांचे सहायक हान्सी फ्लिक यांच्याकडे हंगामी सूत्रे दिली. संघ जिंकू लागला. एप्रिल 2020 मध्ये क्लबने त्यांच्याशी 2023 पर्यंतचा करार केला आणि ऑगस्टमध्ये फ्लिक यांनी युरोपचे अजिंक्यपद आणून दिले.

त्याच हंगामात एफसी गोवाने, साखळी संपत आली असताना, सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा प्रभारी झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये संघाने जमशेदपूरला 5-0 असे हरवून साखळीचे अग्रपद मिळविले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. खुर्ची मात्र स्पेनच्या हुआन फेरांडो यांना मिळाली. फेरांडो नालायक होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु डिसेंबर 2021 मध्ये, हंगाम अर्ध्यावर टाकून, ते कोलकात्याच्या संघाकडे गेले. मग धावाधाव करून बोलावले कोणाला? पुन्हा एका गोमंतकीयाला, डेरिक परेरा यांना. आणि हंगाम संपताच पुन्हा स्पेनचे कार्लोस पेन्या. मिरांडा यांनी 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तोही प्रभारी म्हणूनच. तेथे त्यांच्यानंतर आले ते लोबेरा!

परदेशी प्रशिक्षकांकडे अनुभव असतो, हे क्लबचालकांचे उत्तर खोटे नाही. पण अनुभव खुर्चीवर बसून येतो, आणि आपल्या माणसाला ती केवळ अडचणीच्या दिवसांपुरती द्यायची असेल तर तो यावा कोठून? खालिद जमील यांनाही 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचे कायम पद मिळण्यापूर्वी प्रभारीपणातूनच जावे लागले. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला, तेव्हा त्या पदावर भारतीय माणूस बसण्यास तेरा वर्षे लोटली होती.