हौसेला मोल नसतं, हप्त्याला असतं!

नवा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की महिनाभर नुसता अभ्यास चालतो. सेन्सर कुठला, ऑटोफोकस कसला, कुठली लेन्स आत्ता आणि कुठली दिवाळी बोनसवर. रिव्ह्यू बघून डोळे दुखतात, ईएमआयची गणितं पाठ होतात. आणि मग बिल होता होता काउंटरपलीकडचा हसतमुख मुलगा हळूच विचारतो, ‘सर, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? फक्त बारा हजार!’ दोन लाखांच्या बिलापुढे बारा हजार म्हणजे किस झाड की पत्ती! महिनाभर अभ्यास करणारे आपण या प्रश्नाचा निकाल मात्र पाच सेकंदांत लावतो. एक तर ‘टाका’, नाहीतर ‘राहू दे’.

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. फक्त आपण पैसे कशासाठी देतोय, ते ठाऊक हवं.

फंडा क्लिअर करू या

कॅमेरा आपणहून बिघडला तर वॉरंटी. तो पडला, बुडाला किंवा चोरीला गेला तर विमा. बस्स, एवढंच. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे कंपनीच्या मूळ वॉरंटीची मुदत लांबवणं. शटर अडकलं, आतला बोर्ड गेला, बटण चालेना, तर ती कामाला येते. पण सिंहगडावर वाऱ्यानं ट्रायपॉड आडवा झाला, तारकर्लीला लाट अंगावर आली, विसर्जन मिरवणुकीत लेन्समध्ये गुलाल शिरला किंवा लोकलच्या रॅकवरून बॅगच गेली, तर साधी वॉरंटी हात वर करते. आणि आता खरं सांगा, हौशी माणसाचा कॅमेरा जास्त करून कशानं जातो? बोर्ड उडाल्यानं की हातातून सुटल्यानं?

या दोन्हींच्या मधला एक प्रकार म्हणजे ‘अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज’ प्लॅन. यात पडणं, पाणी जाणं वगैरे धरलेलं असतं. पण चोरी धरलीय का, क्लेम किती वेळा करता येतो आणि दर वेळी पदरचे किती भरायचे, हे विचारल्याशिवाय कार्ड पुढे करू नका.

पावसाळ्यात लेन्सवर चढणारी बुरशी मात्र सहसा कुणाच्याच यादीत नसते. त्यावर उपाय एकच. ड्राय कॅबिनेट, नाहीतर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. मुंबईच्या जुलैत हाच सगळ्यात स्वस्त विमा!

जरा हिशेब होऊन जाऊ दे

समजा, वाढीव दोन वर्षांच्या वॉरंटीचे १२ हजार मागितले आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च ३० हजार धरला. मग १२ भागिले ३०. म्हणजे त्या दोन वर्षांत दहापैकी चार कॅमेरे मोठे बिघडत असतील, तरच तुमचा सौदा बरोबरीत सुटतो. दहातले चार बिघडतात असा कॅमेरा तुम्ही मुळात घेतला असता का?

त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंची एक खोड असते. कारखान्यातूनच आलेला दोष बहुधा लवकर उघडा पडतो, म्हणजे मूळ वॉरंटीतच. झिजेचा त्रास सुरू होतो तो बऱ्याच वर्षांनी. मधला काळ तसा शांततेचा आणि एक्स्टेंडेड वॉरंटी विकली जाते ती नेमकी याच काळासाठी.

झिजेचंच बघा. निकॉन डी८५० चं शटर २ लाख वेळा चालवून तपासलेलं आहे, तर कॅननच्या आर५ चं ५ लाख वेळा. २०२१ साली आलेल्या निकॉन झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. आठवड्याला ५०० फोटो काढणाऱ्याचे वर्षाला २६ हजार होतात. २ लाख गाठायला साडेसात वर्षं लागतील. उलट लग्नं शूट करणारा दिवसाला ३ हजार फोटो सहज काढतो. चाळीस लग्नं केली की वर्षाला १ लाख २० हजार! त्याचं गणित अर्थातच वेगळं. पण ‘वापरामुळे झालेली झीज’ कित्येक वॉरंटींच्या अटींत वगळलेली असते. म्हणून त्यानं तर बारीक अक्षरं आधी वाचायची.

एक फुकटातली टिप. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केली की स्वतःच वॉरंटी वाढवून देतात. आधी ती पदरात पाडून घ्या. आणि बिनबिलाचा, बाहेरून आलेला ‘ग्रे’ माल घेऊन वाचवलेले पैसे मोजताना हेही धरा, की त्यावर बहुतेक वेळा भारतातली कंपनी वॉरंटी मिळत नाही.

विमा घ्यायचा तर...

विम्याचं गणित निराळं असतं. समजा, २ लाखांच्या किटला वर्षाला ४ हजार प्रीमियम पडला. पन्नास वर्षांत एकदा किट पूर्ण गेलं तर हिशेब बरोबरीत. म्हणजे सरासरीनं इथंही कंपनीच जिंकते. मग घ्यायचा कशाला? कारण बिघाडाचे ३० हजार क्रेडिट कार्डावर कसेबसे निभावतात. एका रात्रीत गेलेले २ लाख निभावत नाहीत.

मात्र ‘घराचा विमा आहे ना आपला’ या भरवशावर राहू नका. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत इमारतीच्या विम्याबरोबर घरातलं सामान आपोआप येतं. मर्यादा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पण चोरीची भरपाई फक्त आग, पूर यांसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीला. नेहमीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि ताडोब्याच्या जिप्सीत किंवा कोकणातल्या होमस्टेवर ही पॉलिसी तुमच्या मागे येत नाही. त्यासाठी ‘ऑल रिस्क’ प्रकारची, घराबाहेरही चालणारी पॉलिसी विचारा.

सही करण्यापूर्वी एजंटला एवढे प्रश्न नक्की टाका. गाडीत किंवा कुठंही नजरेआड ठेवलेल्या बॅगेची चोरी चालते का? पैसे घेऊन केलेलं शूट चालतं का? भरपाई नव्या किमतीनं मिळते की घसारा कापून? सुरुवातीचे किती हजार माझ्या खिशातून? लेन्सेस धरल्यात की नुसती बॉडी? आणि हो, प्रीमियम वाचवायला २ लाखांचं किट १ लाखाचं दाखवू नका. बऱ्याच पॉलिसींत मग नुकसानही निम्मंच धरलं जातं.

बिल आणि सीरियल नंबरचा फोटो स्वतःला मेल करून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत एफआयआर आणि विमा कंपनीला खबर, दोन्ही लगेच. क्लेम अडकला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. वॉरंटीवाला टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तुम्ही यातले कोण?

कॅमेरा रोख घेतलाय, हौसेपुरता वापरताय आणि गेला तर हळहळ वाटेल पण घर चालेल? मग एक्स्टेंडेड वॉरंटी विसरा. तेच बारा हजार वेगळ्या खात्यात टाका. बिघडला तर दुरुस्तीला, नाही बिघडला तर पुढच्या लेन्सला.

दर वीकेंडला घाटात, जंगलात, समुद्रावर असता? चोरी आणि अपघात दोन्ही धरणारा विमा बघा.

आणि ज्यांनी नोकरी सांभाळून लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केलीय, कॅमेरा चोवीस हप्त्यांवर आहे आणि मेमधल्या लग्नांचा अ‍ॅडव्हान्स खर्चूनही झालाय, त्यांनी विमा घ्यायचाच. कारण तिसऱ्या महिन्यात बॅग गेली तरी उरलेले एकवीस हप्ते दर पाच तारखेला खात्यातून जाणारच. हातात कॅमेरा नसेल, शूटचे पैसे येणार नसतील आणि वधूपित्याचा फोन मात्र वाजत राहील. व्यावसायिक वापर कव्हर करणारी पॉलिसी घ्या. तिचा प्रीमियम खर्चात धरा आणि पॅकेजच्या दरात बसवा. हॉलवाला जनरेटरचे पैसे लावतो, तसंच हे.

‘कॅमेरा बिघडेल का?’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ‘उद्या सकाळी तो नसला तर माझं काय अडेल?’ याचं उत्तर मात्र तुमच्या पासबुकात आहे. दुकानात जायच्या आदल्या रात्री ते उघडून बघा.