मोजमाप कोणाच्या हाती?

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला मोजमापाचे राजकारण नव्याने शिकवावे लागत नाही. पाने-तंबाखू घरी आणून तिने वळलेल्या विड्या कारखान्यात मोजल्या जातात, त्यांतल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात आणि उरलेल्या हजारांवर तिची मजुरी ठरते. विड्या तिने वळलेल्या, मोजणी मात्र दुसऱ्याची. यंत्रमागावरच्या कामगाराचीही गत फारशी निराळी नाही. मोजणारा कोण, तो मोजतो कशाने आणि मोजणीचा हिशेब कोणासमोर मांडतो, या तीन प्रश्नांवर श्रमिकाचे पोट अवलंबून असते. बांधकामाच्या क्षेत्रात आज मोजणीचे एक नवे साधन रुजू लागले आहे. त्याची पारखही याच तीन प्रश्नांनी केली पाहिजे, असे आमचे मत आहे.

या साधनाचे नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. अभियंते त्याला संक्षेपाने 'बिम' म्हणतात. इमारत जमिनीवर उभी राहण्यापूर्वी ती संगणकात उभी करायची, हा त्याचा गाभा. जुन्या नकाशात केवळ रेघा असत. या प्रतिमानात प्रत्येक भिंत, खांब, तुळई, नळ आणि वीजवाहिनी आपली माहिती बरोबर घेऊन उभी असते: माप काय, माल कोणता, काँक्रीट किती, लोखंड किती. या तीन मितींना कामाचे वेळापत्रक जोडले की चौथी मिती येते. खर्च जोडला की पाचवी. मग ठरावीक दिवसांनी ड्रोनने, लेसर यंत्राने किंवा साध्या कॅमेऱ्याने प्रत्यक्ष जागेची प्रतिमा घेतली जाते आणि ती संगणकातील इमारतीशी ताडून पाहिली जाते. अमुक तारखेला अमुक इमारतीचा दुसरा स्लॅब पडायला हवा होता आणि तो पडलेला नसेल, तर पडद्यावर तेवढा भाग निराळ्या रंगात दिसतो. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी संशोधकाने या कल्पनेची पूर्वपीठिका १९७५ साली मांडली. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ही पद्धत सक्तीची केली. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने पाच मितींची पद्धत वापरली.

मेट्रोला जे साजते ते श्रमिकांच्या घरांना का साजू नये? हा प्रश्न विचारण्याचा सोलापूरला खास अधिकार आहे. शहरालगत कुंभारी येथे २००६ साली गोदावरी परुळेकर यांच्या नावाने १०,००० विडी कामगार स्त्रियांची घरकुले उभी राहिली. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर या ३०,००० घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली. त्या वेळी जाहीर झालेला खर्च सुमारे १,८११ कोटी रुपयांचा होता; त्यांपैकी ७५० कोटी हे केंद्र व राज्य सरकारांचे साहाय्य. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील १५,००० घरांचे लोकार्पण झाले. पायाभरणीपासून तिथवर पाच वर्षे गेली. मध्ये महामारीचा काळही येऊन गेला. सरकारी टिपणात पाच वर्षे ही एक ओळ असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला ते साठ महिन्यांचे भाडे असते, आणि हप्ता सुरू झालेला असेल तर भाडे आणि हप्ता असा दुहेरी काच असतो. म्हणून कामाची प्रगती किती झाली, हा प्रश्न अभियंत्याइतकाच, किंबहुना त्याच्यापेक्षा अधिक, त्या कुटुंबाचा आहे.

आणि प्रगती म्हणजे पैसा, हेही विसरून चालणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतील केंद्राचे साहाय्य ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत देण्याचे धोरण ठरले; कामाच्या टप्प्यांशी पैशाची गाठ घातली गेली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून घेतलेल्या पैशाचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. त्यातून रक्कम काढायची ती काम जितके टक्के पुरे झाले त्या प्रमाणात. आणि ते टक्के प्रमाणित करतात अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल. त्यांची नेमणूक सामान्यतः बांधकाम करणाराच करतो. सार्वजनिक बांधकामांत हेच स्थान मोजमाप पुस्तकाचे आहे. कनिष्ठ अभियंत्याने त्यात आकडा लिहावा, वरच्याने तपासावा आणि त्यावर कंत्राटदाराचे चालू बिल निघावे, ही परंपरा. मोजमाप पुस्तक आणि जमिनीवरचे काम यांची भेट होत नाही, तेव्हा भ्रष्टाचार जन्माला येतो, हे महाराष्ट्राला दुष्काळी कामांच्या काळापासून ठाऊक आहे. मजुरांच्या संघटनांनी मोजमाप मजुरांसमोर घ्या, हजेरीपट जाहीर वाचा, असा आग्रह धरला तो याच अनुभवातून.

या पार्श्वभूमीवर नव्या साधनाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. हजारो घरे एकाच नमुन्याची असतात तेव्हा नकाशातील एक चूकही हजारो वेळा बांधली जाते. सांडपाण्याचा नळ तुळईतून जातो आहे, हे संगणकात आधीच कळले तर पुढे हजारो तुळया फोडाव्या लागत नाहीत. कोणत्या इमारतीला किती लोखंड लागायला हवे होते आणि किती आले, याचा ताळा घालता येतो. पन्नास टक्के काम झाले असे सांगून सत्तर टक्क्यांचे बिल काढणे अवघड होते. शिवाय हे प्रतिमान डोळ्यांना कळते. अभियंत्याचा निळा नकाशा सामान्य माणसाला अगम्य असतो. पण आपल्या घराची खोली, मोरी, खिडकी आणि जिना पडद्यावर उभा राहिला की अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा ओटा कोठे हवा ते बोट ठेवून सांगू शकते. लोकांना हे काय कळणार, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.

तथापि कॅमेऱ्याच्या नजरेला मर्यादा आहेत. स्लॅब पडला हे त्याला दिसते. त्या स्लॅबला पाणी किती दिवस मारले हे एका दिवसाच्या छायाचित्रात दिसत नाही. भारतीय मानक ४५६ नुसार उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवले पाहिजे. सोलापूरच्या वैशाखात हे दहा दिवस किती मोलाचे, ते कोणताही गवंडी सांगेल. पडद्यावर तो स्लॅब पहिल्याच दिवशी 'पूर्ण' होतो आणि वेळापत्रक पुढे धावू लागते. घाईला प्रगती समजण्याची किंमत राज्याने मोजली आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, कोसळला. तारीख साधली, काम टिकले नाही. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे अवजड यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला. ज्या प्रतिमानात प्रत्येक खांब आहे पण परांची नाही, कठडा नाही आणि उंचावर काम करणाऱ्या माणसाचा सुरक्षा पट्टा नाही, ते प्रतिमान अपुरे आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. काम मोजणारे यंत्र माणसावर पाळत ठेवणारे यंत्र होण्यास फार वेळ लागत नाही. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरून दिवसातून दोनदा छायाचित्रे घेऊन हजेरी लावणे सक्तीचे झाले. हेतू बनावट हजेरी रोखण्याचा होता. प्रत्यक्षात जिथे जाळे मिळाले नाही, जिथे छायाचित्र चढले नाही, तिथे उन्हात राबलेल्या मजुराचा दिवस बुडाला. यंत्राचा दोष आणि दंड मजुराला! बांधकामावर हेच घडू शकते. आठवड्याचे काम मागे पडले असे पडद्याने दाखवले की मुकादम बिगाऱ्यावर ओरडणार. नकाशा उशिरा आला, सिमेंट आले नाही, कंत्राटदाराचे बिल अडकले म्हणून दोन आठवडे मजुरी मिळाली नाही, ही कारणे त्या रंगीत चित्रात कोण भरणार?

आमच्याच गोटातील काही मित्र म्हणतील की असे असेल तर हे साधन नकोच. हा सूर आम्हाला मान्य नाही. यंत्राशी कामगारांचे वैर नाही. यंत्राच्या मालकीचा आणि त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. ओळंबाही यंत्रच आहे. भिंत वाकडी आहे हे तो गवंड्याला आणि घरमालकाला सारखेच सांगतो, म्हणून त्याच्यावर दोघांचा विश्वास असतो. नव्या ओळंब्यालाही हीच अट लागू झाली पाहिजे.

म्हणून सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गृहप्रकल्पाच्या निविदेत काही कलमे असलीच पाहिजेत. पहिले, प्रगतीचे चित्र दर महिन्याला जागेवरील फलकावर लागावे. सोलापुरात ते मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही असावे, कारण घर घेणाऱ्यांच्या घरांत याच भाषा बोलल्या जातात. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १९ ने घर घेणाऱ्याला टप्पेनिहाय वेळापत्रक जाणून घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यात पाणी, सांडपाणी व वीज यांचाही समावेश आहे. भिंती पूर्ण पण नळ कोरडा, अशा घराला सोलापूरकर पूर्ण घर म्हणणार नाहीत. फलकानेही म्हणू नये. दुसरे, प्रतिमानाची मालकी रहिवाशांच्या संस्थेकडे यावी आणि ते खुल्या, आंतरराष्ट्रीय मानकाच्या स्वरूपात असावे. कंत्राटदार निघून गेला आणि सॉफ्टवेअर कंपनीचा परवाना संपला म्हणून आपल्याच घरातील नळ कोठून जातो हे कळू नये, ही गुलामी आम्हाला नको. तिसरे, प्रत्येक विलंबाचे कारण नोंदवावे आणि प्रतिमानाच्या आधारे कोणाचीही मजुरी कापू नये. चौथे, मजुरीचे वेळेवर वाटप आणि सुरक्षेची साधने यांची नोंद प्रगतीच्या टक्केवारीचा भाग मानावी. पाचवे, पैसे सुटण्यापूर्वी रहिवाशांचे व कामगारांचे प्रतिनिधी पडद्यावरील चित्र जागेवर जाऊन ताडून पाहतील.

यात अशक्य असे काही नाही. मोजणीसाठी खर्च होणारच आहे; तो लोकांच्या बाजूने करायचा की लोकांना बाहेर ठेवून, एवढाच निर्णय बाकी आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचे नाव आले होते. महानगरपालिकेने आपल्या हद्दीतील पुढच्या गृहप्रकल्पापासून ही कलमे लागू करावीत, आणि कामगार संघटनांनी निविदा निघण्याआधीच त्यांची मागणी लावून धरावी. निविदा निघाल्यानंतर काढलेल्या मोर्चाला कंत्राटातील कलम दाखवून परत पाठवता येते. आधी काढलेल्या मोर्चाला ते कलम लिहून घेता येते.