सर्वांगाचें दुखणें आणि पांच मिनिटें

मरोळच्या आमच्या घरीं सूनबाईंचें सर्वांग दोन वर्षें दुखत होतें. झोपेनें शीण जाईना. तपासण्या मात्र निर्दोष. ‘कामाचा कंटाळा’ असें आम्ही एकदां बोलून गेलों, त्याची आज लाज वाटते.

पुढें डॉक्टरांनीं नांव सांगितलें: फायब्रोमायाल्जिया. यांत सांधे झिजत नाहींत. मज्जासंस्थाच वेदना वाढवून सांगते. म्हणून तपासणींत कांहीं दिसत नाहीं, पण दुःख खरें असतें.

युरोपांतील संधिवाततज्ज्ञांच्या मंडळानें २०१७ सालीं सर्व उपायांत ठाम शिफारस केली ती एका व्यायामाचीच. मात्र तो बेतानें हवा. सूनबाई प्रथम उत्साहानें अर्धा तास चालल्या आणि दोन दिवस अंथरुणास खिळल्या. मग फिजिओथेरपिस्टबाईंनीं पांच मिनिटांपासून आरंभ करविला. आठवड्यास एखादें मिनिट वाढ, बरें वाटलें तरी अधिक नाहीं. मुलांकडून शब्दरूपें आम्ही अशींच रोज थोडथोडीं घोटून घेत असूं. रस्त्यावर गर्दी, म्हणून त्या गच्चीवर चालतात. सहा महिन्यांनीं पंचवीस मिनिटें होतात. वेदना पुरती गेली नाहीं, पण झोप परतली.

वाचकहो, गृहिणीस हा वेळ मिळावयाचा तर सकाळचा चहा दुसऱ्या कोणीं तरी केला पाहिजे. आमच्या घरीं तो आतां आम्ही करतों.