गुणांवर झालेला सीआर

कॉलेजात निवडणुका नकोत, पोरं बिघडतात, असं म्हणणारे बहुतेक सज्जन असतात आणि त्यांची भीती अगदीच खोटी नाही. 1989 साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा कॉलेज निवडणुकीच्या वैरातून खून झाला. पुढे 1994च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद करून टाकल्या. वर्गात पहिला येईल तो वर्ग प्रतिनिधी, म्हणजे सीआर. पण खून झाला म्हणून मतपेटीच अडगळीत टाकायची? आमच्या रत्नागिरीत माकडं बागेत शिरतात, म्हणून कुणी कलमं तोडत नाही. राखणदार ठेवतात.

राखणीचे नियमही केव्हाचे तयार आहेत. लिंगडोह समितीचे, 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, 75 टक्के हजेरी हवी. हे पाळून घ्यायला प्राचार्य खमका लागतो, एवढंच.

दुसरा आक्षेप, बाहेरचे पक्ष घुसतील. घुसू पाहतीलच. पण विद्यार्थी परिषदेचा सचिव निवडायला वर्गावर्गांतले पहिले तेवढे मतदार ठेवले, तर घुसणं आणखी सोपं नाही का? पंधरा-वीस मतदार सुमोत घालून गणपतीपुळ्याला नेता येतात. दोन हजार पोरं कशात घालणार?

आणि वय? ज्या वर्षी ओवेन गेला, त्याच वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं. एकविसाव्या वर्षी पोरगी संगमेश्वरात ग्रामपंचायतीला उभी राहू शकते. कॉलेजात मात्र ती अजून लहान! 2016च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली खरी. 2019ला मुहूर्तही निघाला, तेवढ्यात विधानसभा आडवी आली. लांबणीवर पडली ती पडलीच.

राहता राहिला अभ्यास, निवडणुकीने तो बुडतो म्हणे. पण निवडणूक नसतानाही तो बुडतो, याला मी स्वतःच पुरावा आहे. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी गुणांवर सीआर झालो. ऑफिसात बोलावून माझी सही घेतली. वर्षभरात दोन बैठका झाल्या. दोन्हींत चहा, समोसा आणि हजेरीपत्रक. वार्षिक अंकात फोटो आला, तो आईने अजून जपून ठेवलाय. वर्गासमोर उभं राहून ‘मला मत द्या’ म्हणायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे ‘का द्यायचं?’ असंही कुणी विचारलं नाही. तसं विचारलं असतं, तर मला चार बाकांवर जाऊन बसावं लागलं असतं. माझं घर मारुती मंदिराजवळ, कॉलेजपासून चालत दहा मिनिटं. मागच्या बाकावरची पोरं प्रॅक्टिकल अर्धवट टाकून का पळतात, हे कळायचं मला कारणच नव्हतं. मी त्यांना टवाळ समजायचो.

पुढे काही वर्षांनी एसटी स्टँडवर त्यांतलाच एक भेटला, लांज्याकडचा. बोलता बोलता म्हणाला, “आमची गाडी पाचला सुटायची रे. पुढची थेट साडेसातला. कॉलेजने डेपोला एक पत्र दिलं असतं, तरी काम झालं असतं.”

“मग सीआरला सांगायचं ना!”

“कोण होता आपला सीआर?”