डिसेंबरात जन्मलेल्या मुलाची जागा

गेल्या वर्षी १२ एप्रिलला, म्हणजे २०२५ मध्ये, अमेरिकेतील सेंट लुइस शहरात वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाने बोस्टन विद्यापीठाला ६-२ असे हरवले आणि आपल्या इतिहासातले पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. बोस्टनच्या खात्यात आधीची पाच विजेतेपदे होती. धाकट्या संघाने थोरल्याला लोळवले की प्रेक्षकांना आनंद होतोच, तसा तो झालाही. मात्र त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १ ऑगस्टला, या खेळात एक नियम बदलला. कॉलेजच्या संघात कोणाला जागा मिळणार, यावर त्या नियमाचा परिणाम एखाद्या विजेतेपदापेक्षा जास्त काळ टिकणार आहे. हा प्रश्न क्रीडा पानावरचा वाटेल. पण त्याचे मूळ वाढत्या वयाच्या मुलाच्या हाडांत आहे.

आइस हॉकी आपल्याकडे लडाख-हिमाचलच्या बाहेर फारसे कोणी खेळत नाही, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. अमेरिकी कॉलेजांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी रात्री, नियमित हंगामात जास्तीत जास्त ३४. त्यानंतर १६ संघांची राष्ट्रीय स्पर्धा आणि एप्रिलमध्ये शेवटच्या चार संघांची लढत. हा झाला दिसणारा हंगाम. प्रशिक्षकाचा दुसरा हंगाम बारमाही असतो आणि तो शाळकरी मुलांच्या सामन्यांत, बर्फाच्या मैदानाच्या कडेला थंडीत कुडकुडत, हातात कॉफी आणि वही घेऊन चालतो. चार वर्षांनी आपला संघ कसा असेल, हे त्याला आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांकडे बघून ठरवायचे असते. नियमानुसार मुलगा दहावीत असताना १ जानेवारीपासून कॉलेजचा प्रशिक्षक त्याच्याशी संपर्क साधू शकतो आणि अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून तोंडी देकार देऊ शकतो. काही वर्षांपूर्वी हा नियम येईपर्यंत चौदा वर्षांच्या मुलांनाही असे शब्द दिले जात. तेव्हा सध्याची स्थिती ही सुधारलेली स्थिती आहे, हे आधी मान्य करायला हवे.

तरीही अडचण उरतेच. सोळाव्या वर्षी मुलाकडे बघून त्याचे विसावे वर्ष ओळखता येते का?

मुलग्यांची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती सरासरी साडेतेरा-चौदा वर्षांच्या सुमारास. ‘सरासरी’ हा शब्द इथे फार फसवा आहे. कोणाचा हा झपाटा बाराव्या वर्षीच येऊन जातो, तर कोणाला सोळा वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते. दोघेही पूर्णपणे निरोगी असतात. एकाच वर्गात बसणाऱ्या तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या मनगटांची क्ष-किरण चित्रे काढली, तर हाडांच्या परिपक्वतेत तीन-चार वर्षांचा फरक दिसू शकतो. उंची वाढल्यानंतर काही महिन्यांनी स्नायू भरतात, ताकद आणि वेग वाढतो. म्हणजे लवकर वयात आलेला मुलगा चौदाव्या वर्षी ज्या शरीराने खेळतो, ते शरीर उशिरा येणाऱ्याला सतराव्या वर्षी मिळते. तोवर संघाची निवड उरकलेली असते.

यात दिनदर्शिकेची भर पडते. अमेरिका आणि कॅनडात आइस हॉकीचे वयोगट जानेवारी ते डिसेंबर असे पाडतात. त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे एक दशांश आयुष्य. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली लेथब्रिज ब्रॉन्कोज संघाचा सामना पाहायला गेले असताना त्यांच्या पत्नी पॉला कार्यक्रमपत्रिकेवरची खेळाडूंची माहिती चाळत होत्या. इतकी मुले जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमधली कशी, असे त्यांनी विचारले. त्या कुतूहलातून १९८५ मध्ये जो शोधनिबंध आला, त्याने ‘सापेक्ष वय परिणाम’ ही संज्ञा रूढ केली. पुढे फुटबॉलपासून इतर अनेक खेळांत तो परिणाम सापडत गेला.

हे दोन वेगळे अन्याय आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. डिसेंबरातला मुलगा लवकर वयात आलेला असू शकतो आणि जानेवारीतला उशिरा. गेविन मॅकेना हा कॅनडाचा गाजलेला तरुण खेळाडू २० डिसेंबरचा आहे आणि त्याला कोणी नाकारले नाही. उलट, २०२५ च्या जुलैत त्याने पेन स्टेट विद्यापीठ निवडले तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. असामान्य प्रतिभा दिनदर्शिकेला जुमानत नाही, ही गोष्ट खरी. प्रश्न त्याच्याखालच्या थरातल्या शेकडो मुलांचा आहे, जिथे निवड होणारा आणि न होणारा यांच्यात उन्नीस-बीसचाच फरक असतो.

आता मुद्दा असा की, प्रशिक्षक जाणूनबुजून अन्याय करत नाहीत. त्यांना समोर जे दिसते त्याची ते नोंद करतात. अंगाने मोठा मुलगा कुंपणाजवळच्या झटापटीत पक मिळवतो, म्हणून त्याला मैदानावर जास्त वेळ मिळतो, म्हणून तो अधिक शिकतो, म्हणून पुढच्या वर्षी चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली जातो. सोळाव्या वर्षी तो खरोखरच सरस असतो. त्याचा तो सरसपणा कशाने घडला, हे वहीत लिहिलेले नसते.

ही नजर किती चुकते, याचा हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला. अमेरिकी संशोधक रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ या काळात एनएचएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत घेतलेल्या कॅनेडियन खेळाडूंची कारकीर्द तपासली. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू निवडीत ३६ टक्के होते, पण त्या सर्व खेळाडूंनी मिळून खेळलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा २८ टक्केच निघाला. जुलै ते डिसेंबरमधले खेळाडू निवडीत ३४ टक्के होते आणि सामन्यांत त्यांचा वाटा ४२ टक्के भरला. म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धातल्या मुलांची किंमत कमी लावली गेली होती. तीही लाखो डॉलर पणाला लावून बसलेल्या, हेच काम पोटासाठी करणाऱ्या तज्ज्ञांकडून! शेअर बाजारात अशी चूक फार दिवस टिकत नाही. खेळात ती पाव शतक टिकली.

कॉलेज हॉकीचे मोल याच ठिकाणी होते. या खेळात खेळाडू कॉलेजात उशिरा येतात. शाळा संपल्यावर एक-दोन वर्षे ज्युनियर लीगमध्ये खेळून वीस वर्षांचा मुलगा पहिल्या वर्षात दाखल होणे नेहमीचे आहे. त्यापुढे चार वर्षे मिळतात. शरीराला आपले काम पुरे करायला इतका अवधी दुसऱ्या क्वचितच कुठल्या खेळात मिळत असेल. व्हरमाँट विद्यापीठाच्या १९९६ च्या संघाकडे पाहा. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला होता. त्यात मार्टिन सेंट लुइस नावाचा १७३ सेंटिमीटर उंचीचा आघाडीचा खेळाडू होता. एनएचएलच्या निवडीत त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. २००४ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघाचा गोलरक्षक टिम थॉमस २१७ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याने पुढची कितीतरी वर्षे फिनलंडमध्ये आणि दुय्यम लीगमध्ये काढली आणि २०११ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, अंतिम स्पर्धेचा मानकरी झाला. दोघांनाही कॉलेजने चार वर्षे मैदानावर ठेवले होते.

१ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या बदलाने ही वाट अरुंद होण्याची भीती आहे. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंना भत्ता मिळतो, म्हणून अमेरिकी कॉलेज संघटना त्यांना व्यावसायिक मानत असे आणि कॉलेजचे दार त्यांना बंद होते. ते आता उघडले आहे. त्याच सुमारास संघाचा आकार २६ खेळाडूंवर आणला गेला. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. म्हणजे जागा ठरावीक आणि उमेदवार, तेही तयार, कितीतरी जास्त. ज्या प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या एप्रिलवर अवलंबून आहे, तो एकोणीस वर्षांच्या भरलेल्या अंगाच्या खेळाडूला सोडून एखाद्या काटकुळ्या मुलाच्या खांद्यांची वाट कशाला पाहील?

नव्या नियमाच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद आहे. पूर्वी सोळाव्या वर्षी ज्याने ज्युनियर लीग निवडली, त्याचे कॉलेज कायमचे बुडायचे. आता विसाव्या वर्षीही त्याला शिक्षण आणि खेळ दोन्ही मिळू शकतात. हे निःसंशय न्याय्य आहे. पण या लीग मुलांना घेतात केव्हा? पश्चिमेकडची लीग त्या वर्षात पंधरा पूर्ण करणाऱ्यांची मुख्य निवड करते, ओंटारिओची सोळा पूर्ण करणाऱ्यांची. म्हणजे पश्चिमेतला डिसेंबरचा मुलगा निवडीच्या दिवशी जेमतेम साडेचौदा वर्षांचा असतो. कॉलेजचा प्रशिक्षक आता ज्या गर्दीतून खेळाडू उचलणार, ती गर्दी याच चाळणीतून गाळून आलेली आहे. दुसरी संधी मिळते ती बहुतांशी पहिली मिळालेल्यांनाच.

जो मुलगा चाळणीतून खाली पडत नाही, चिवटपणे टिकून राहतो, त्याच्या शरीरालाही किंमत मोजावी लागते. चौदा वर्षांच्या गटात पंचेचाळीस किलोचा मुलगा पासष्ट किलोच्या मुलाला बर्फावर वेगाने धडकतो तेव्हा काय होते, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. अंगावर धडक देण्याची परवानगी किती लहान वयात द्यावी, यावर कॅनडात बराच वाद झाला. अकरा-बारा वर्षांच्या गटात अल्बर्टा प्रांतात धडक चालत होती, क्वेबेकमध्ये नव्हती. दोन्हीकडच्या मुलांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अल्बर्टात कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हादरा बसण्याचा, धोका तिपटीहून अधिक आढळला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटात धडक बंद केली. पुरावा समोर आल्यावर तीन वर्षांत नियम बदलू शकतो, याचे हे चांगले उदाहरण. निवडीबाबतचा पुरावा चार दशकांचा आहे.

दुसरी किंमत खुब्याच्या सांध्याची. मागे पडू नये म्हणून मुले उन्हाळ्यातही बर्फ सोडत नाहीत, वर्षाचे दहा-अकरा महिने तीच एक हालचाल करत राहतात. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावर सततचा ताण आला की तिथे हाडाचा उंचवटा तयार होतो. तरुण हॉकीपटूंत तो स्कीइंग करणाऱ्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा अधिक आढळला आहे. पुढे तो सांध्यात घासू लागतो. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पण त्याच वयात देकार येत असतील, तर हा सल्ला मानणाऱ्या आईबापांना आपणच मुलाचे नुकसान करतोय असे वाटणार.

उपाय अवघड नाहीत. मुलाची उभी उंची, बसलेली उंची आणि वजन यांवरून तो वाढीच्या झपाट्याच्या आधी आहे की नंतर, याचा अंदाज देणारे सूत्र २००२ मध्ये कॅनडातल्याच सस्कॅचवान विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडले. ते ढोबळ आहे, टोकाच्या मुलांत चुकते. पण वहीतल्या ‘अंगाने कमी’ या शेऱ्यापेक्षा बरे. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांनी जन्मवर्षाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले आहेत. आपल्याकडे बीसीसीआय सोळा वर्षांखालील क्रिकेटपटूंच्या मनगटाचा क्ष-किरण काढते, तो वयचोरी पकडण्यासाठी. त्याच चित्रात उशिरा वाढणारा मुलगाही दिसत असतो, पण त्या अंगाने ते चित्र कोणी वाचत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय नेदरलँडच्या फुटबॉलमधून आला. संशोधकांनी निवड करणाऱ्या जाणकारांना मुलांचे सामने दाखवले. काहींना वयाची माहिती दिलीच नाही, काहींना जन्मतारखांची यादी दिली, तर काहींना सांगितले की सदऱ्यावरचे क्रमांक वयाच्या क्रमाने आहेत. यादी हातात असूनही जाणकार मोठ्या मुलांकडेच झुकले. क्रमांक वयानुसार लावल्यावर मात्र तो कल नाहीसा झाला. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याला ना यंत्र लागते, ना डॉक्टर. उत्तर अमेरिकेच्या बर्फावर मात्र पाठीवरचा क्रमांक अजून पोरेच निवडतात, आणि तो बहुधा आवडत्या खेळाडूचा असतो.